बाईंची शिकवणी

घरातली बाई भरदुपारी मोबाइल घेऊन बसली, की बघणाऱ्याला एकच वाटतं, मालिका तरी बघत असेल, नाहीतर कुणाशी गप्पा तरी मारत असेल! पुस्तक उघडून बसलेल्या बाईला निदान 'अभ्यास चाललाय वाटतं' एवढं श्रेय मिळतं. मोबाइलवालीला तेही नाही. पण मैत्रिणींनो, आज मी त्या मोबाइलची बाजू मांडणार आहे. सगळ्या मोबाइलची नाही हं, शिक्षिका होऊ पाहणाऱ्या बाईच्या हातातल्या मोबाइलची.

मुलं शाळेत रुळली, की आपल्यापैकी पुष्कळजणींना कपाटात गुंडाळून ठेवलेलं बी.ए.चं प्रमाणपत्र आठवतं. मग बी.एड.चा अर्ज भरला जातो. २०१५ पासून हा अभ्यासक्रम एकाऐवजी दोन वर्षांचा झाला आहे आणि त्यातले वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. मीसुद्धा इथे नवी मुंबईत अर्धवेळ शिकवता शिकवता बी.एड.ला नाव घातलं. पाठाचं टाचण कसं काढायचं, फळ्याचे भाग कसे पाडायचे, प्रश्न कसा विचारायचा, हे सगळं कॉलेजात शिकवतात. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. वर्गाचं दार लोटलं, की आत चाळीस मुलं आणि आपण एकट्या!

स्वयंपाकाचं तसं नाही. इडलीचं पीठ फुगलं नाही, तर शेजारच्या काकूंना विचारता येतं. त्या दोन शब्द ऐकवतील, पण युक्तीही सांगतील. शिक्षिकेला अडलं तर तिनं कुणाला विचारावं? जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी केंद्रावर शिक्षण परिषदा तरी भरतात. छात्राध्यापिका म्हणजे शाळेतली पाहुणी. शिक्षक-खोलीत कोपऱ्यातली खुर्ची, आणि विचारायला जावं तर मनात धाकधूक, 'एवढंही येत नाही का हिला?' असं कुणी म्हटलं तर!

आता माझंच उदाहरण घ्या. माझा विषय मराठी. पण सराव-पाठांच्या दिवसांत शाळेतला कुठलाही मोकळा तास शिकाऊ बाईंच्या गळ्यात पडतो, हे ज्यांनी बी.एड. केलंय त्यांना ठाऊक आहे! तसा सहावीचा गणिताचा तास माझ्याकडे आला. अपूर्णांकांची बेरीज. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश किती? अर्ध्या वर्गानं वहीत लिहिलं, दोन सप्तमांश. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली! मी रीत पुन्हा फळ्यावर करून दाखवली. मुलांनी मान डोलावली, आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच.

त्या दुपारी मी शिक्षकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर हा प्रश्न टाकला. नाव-गाव माहीत नसलेली माणसं. कुणी कोकणातल्या शाळेतलं, कुणी मराठवाड्यातलं. संध्याकाळची कणीक भिजवेपर्यंत पाच-सहा उत्तरं आली होती. त्यातली दोन मी पदराला गाठ मारून ठेवली.

पहिलं उत्तर एका वयस्क गुरुजींचं. 'बाई, मुलांना चूक म्हणू नका. त्यांच्याच रीतीनं अर्धा अधिक अर्धा करायला सांगा.' करून पाहा बरं! वरचे मिळवून दोन, खालचे मिळवून चार. दोन चतुर्थांश, म्हणजे पुन्हा अर्धाच! अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी मिळून अर्धीच भाकरी? दुसऱ्या दिवशी वर्गात हे विचारलं, तेव्हा मुलं आधी हसली आणि मग गप्प झाली. त्या गप्प होण्यातच अर्धं शिकणं होतं.

दुसरं उत्तर एका बाईंचं. रद्दीतला एक कागद घ्यायचा, आडवा घडी घालून त्याचे तीन भाग करायचे, मग उभी घडी घालून चार. उलगडला की बारा घरं दिसतात. एक तृतीयांश म्हणजे चार घरं, एक चतुर्थांश म्हणजे तीन. मिळून बाराांपैकी सात! छेद सारखे का करायचे, हे सांगायला मला तोंड उघडावं लागलं नाही, कागदानंच सांगितलं.

नीट पाहा, की या तासाला वर्गात मोबाइल नव्हता, पडदा नव्हता, वीजसुद्धा लागली नाही. लागली ती रद्दी. पण ती रद्दी कशी वापरायची, हे माझ्यापर्यंत मोबाइलनं आणलं. मला सांगायचं आहे ते हेच. तंत्रज्ञान मुलांच्या हातात द्यायची आपल्याला फार घाई झाली आहे. त्याआधी ते बाईंच्या पदरात पडू द्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. माढा तालुक्यातलं लहानसं गाव. तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं. बक्षीस दहा लाख डॉलरचं! डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड डकवले. पालकाच्या फोननं तो चौकोन टिपला, की कविता ऐकू येते, गोष्ट उलगडते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. पण मला जास्त भावलं ते निराळंच. बक्षीस जाहीर झाल्याबरोबर त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून द्यायचं ठरवलं. स्पर्धेतल्या माणसाला स्पर्धक न मानता सहकारी मानणं, याचंच नाव जाळं विणणं. यंत्र त्यानंतर येतं.

तुम्ही म्हणाल, गुरुजींचं ठीक, आमच्यासारखीनं सुरुवात कुठून करायची? सांगते. सरकारचं 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ च्या सप्टेंबरात सुरू झालं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमधून तिथले धडे उघडतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, म्हणजे मागच्या इयत्तेत मूल काय शिकून आलंय ते ताडून पाहता येतं. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात. मराठीच्या शिक्षिकेला ती तर दिवाळीच! अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायची विज्ञान-खेळणी आणि मराठी पुस्तकं आहेत, आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबपासून सुरुवात. आणि आपल्या नवी मुंबईकरांना तर वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली सुरू झालेली ही संस्था, मुलं विज्ञान आणि गणित कशी शिकतात याचाच अभ्यास करते.

आता नाण्याची दुसरी बाजू. ठाणे-बेलापूर रस्त्यानं कधी गेलात, तर महापे, रबाळे, ऐरोलीकडे पाहा. कारखान्यांच्या या पट्ट्यात आता डेटा सेंटरच्या प्रचंड इमारती उभ्या राहिल्या आहेत. आपण मोबाइलवर जे बघतो-पाठवतो, ते अशाच इमारतींतल्या यंत्रांत साठवलेलं असतं. ती यंत्रं थंड ठेवायला रात्रंदिवस वीज लागते. आणि तिथून हाकेच्या अंतरावर, तुर्भे-दिघ्याच्या वस्त्यांत, घरात एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला! मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा अशी कितीतरी मुलं 'ऑनलाइन' या शब्दाच्या बाहेरच उभी राहिली. 'उद्या व्हिडिओ बघून या' असं सांगणारी बाई या मुलांना नकळत वर्गाबाहेर काढते. व्हिडिओ बाईंनी घरी बघावा आणि त्यातला प्रयोग वर्गात हातानं करून दाखवावा. मग कुणीच मागे राहत नाही.

म्हणून काही पथ्यं सांगते. मिठासारखी आहेत, नसली तर सगळंच अळणी.

गटावर जाताना प्रश्न घेऊन जावं. बाजारात यादी न करता गेलं की पिशवी भरते आणि नेमकी कोथिंबीर राहते, तसंच हेही! 'अपूर्णांक कसे शिकवू?' असं विचारू नका. 'माझी मुलं असं लिहितात, का लिहीत असतील?' असं विचारा. उत्तरं आपोआप नेमकी येतात.

आलेली माहिती पाठ्यपुस्तकाशी ताडून घ्यावी. 'पुढे पाठवा' म्हणून आलेला प्रत्येक मजकूर खरा नसतो, आणि आता तर यंत्रंसुद्धा ठामपणे चुकीचं लिहितात. फळ्यावर गेलेली चूक चाळीस वह्यांत उतरते.

मुलांचे फोटो, गुण, नावं बाहेरच्या गटावर टाकू नयेत. कौतुकानंसुद्धा नाही. २०२३ साली झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण कायदा बाजूला ठेवा. आपल्या लेकीच्या पेपरातली चूक परक्या दोनशे माणसांनी पाहिलेली आपल्याला चालेल का?

वेळेला कुंपण हवं. मी दुपारची अर्धा तास ठरवून घेतली आहे. वही शेजारी ठेवते आणि मिळालेली युक्ती तिच्यात उतरवते. या वहीचा आणखी एक फायदा झाला, बरं का! 'सारखी त्या मोबाइलमध्येच असतेस' म्हणणाऱ्या सासूबाईंनी एकदा ती चाळली आणि म्हणाल्या, "अगं, तुझी तर शिकवणीच चाललीय की!" तेव्हापासून त्या अर्ध्या तासात दाराची बेल त्याच बघतात.

आणि शेवटचं पथ्य म्हणजे, घेतलं की द्यावं. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. गटावर येऊन नुसत्या युक्त्या उचलणाऱ्या पुष्कळ असतात. 'मी हे करून पाहिलं, इतक्या मुलांना जमलं, अमुक ठिकाणी अडलं' असं लिहिणाऱ्या थोड्या. शिकाऊ बाईनं तर आवर्जून लिहावं. मुरलेल्या शिक्षकाला जे आता दिसत नाही, ते नवखीला लख्ख दिसतं. वर्गात शिरताना कुठे पाय अडखळतो, हे तिच्याइतकं ताजं कुणाला ठाऊक असणार?

तुमच्या घरात, शेजारात कुणी अशी बी.एड. करणारी सून, वहिनी, मैत्रीण असेल, तर तिच्या हातातला मोबाइल पाहून लगेच कपाळाला आठ्या घालू नका. आधी विचारा, "काय शिकलीस आज?" उत्तर ऐकायला बसा. एखाद वेळी अपूर्णांकांची बेरीज आपल्यालाही नव्यानं उमजून जाईल!