अंगणाजोगे वनवृक्ष

वर्धा म्हटलें कीं बहुतेकांस सेवाग्राम, पवनार व तेथील कडक उन्हाळा आठवतो. परंतु शहरापासून उत्तरेस सेलू-हिंगणीवरून गेलें म्हणजे बोरचें अरण्य लागतें. १९७० सालीं तें अभयारण्य झालें आणि २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प. येणाऱ्या पाहुण्यांची दृष्टि वाघाच्या शोधांत असते. फार तर ती वर साग, ऐन, धावडा यांकडे जाते. मला मात्र त्या थोरांच्या छायेंत वाढणाऱ्या धाकट्या झाडांनीं अधिक वेळ थांबविलें.

ज्येष्ठांत तेथील पांढरा कुडा सुगंधी फुलांनीं भरतो. हाच संस्कृतांतील कुटज. मेघदूतांतील यक्ष मेघास अर्घ्य देतो तें याच्याच ताज्या फुलांचें. आणि तो रामगिरि म्हणजे शेजारच्या नागपूर जिल्ह्यांतील रामटेक, असें महामहोपाध्याय मिराशी यांचें मत होतें. असा हा काव्यांतील वृक्ष आमच्याच प्रांताचा. तरी शाळांतून ‘एक फुलझाड’ एवढा अर्थ सांगून श्लोक पुढें नेण्याची वहिवाट आहे. बाळगुटींत उगाळावयाची पीळदार मुरुडशेंग, श्रीखंडावरील चारोळी, कार्तिकांतील भोजनाचा आवळा, वैशाखांत सोनेरी घोस लोंबविणारा बहावा, हींही याच रानांतलीं. वाण्याच्या पुडींतून त्यांतील कांहीं वस्तु घरीं येतात, पण झाड दाखविलें तर ओळखणारे थोडे. आणि नांव विसरलें कीं झाड तोडतांना कोणासच कांहीं वाटत नाहीं.

आज नवीं घरें बांधतांना अंगणावर फरशी घालतात. येथें अनेक वर्षीं पारा ४५ अंशांपलीकडे जातो. मग तीच फरशी रात्रीं उशिरापर्यंत धग सोडीत राहते. झाड लावलेंच तर मादागास्करहून आलेला गुलमोहोर लावतात. तो सुंदर खरा, परंतु लाकडानें ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यांत त्याच्या फांद्या मोडून पडतात. वड-पिंपळ भिंतीजवळ लावणें धोक्याचें. लहान अंगणास हे धाकटे वनवृक्षच शोभतात.

मृगाचा पाऊस पडल्यावर भिंतीपासून अंतर सोडून दीड हात खोल खड्डा खणावा. काळ्या मातींत मुरूम व कुजलेलें शेणखत मिसळावें, म्हणजे पाणी सांचून मुळें कुजत नाहींत. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावें. बहाव्याच्या बियांचें कवच फार कठीण. त्या खरखरीत दगडावर किंचित् घांसून रात्रभर भिजवाव्या. बहाव्यास मोकळें ऊन हवें. कुडा व मुरुडशेंग कडुनिंबाच्या विरळ सावलींतही वाढतात. रोप मात्र रोपवाटिकेंतूनच आणावें. अभयारण्यांतून उपटून आणणें कायद्यानें निषिद्ध आहे.

ज्यांच्या दारीं थोडी मोकळी माती उरली असेल, त्यांनीं येत्या मृगांत एक कुडा लावावा आणि घरांतील मुलांस त्याचीं दोन्ही नांवें सांगावीं.