चॉकलेटच्या दुकानात

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर विखुरली आहेत. या व्यवसायाला गलाई म्हणतात. कोइमतूरला स्थिरावलेले असेच एक गलाई कारागीर एका रविवारी आपल्या वृद्ध आईसह चॉकलेटच्या एका लहानशा दुकानात शिरले. त्यांची मुलगी सहा महिन्यांपासून तेथे काम शिकत होती. रोज एकटीच बसने जात-येत होती. वडिलांनी मात्र त्या दुकानाची पायरी अद्याप चढली नव्हती. भट्टीपुढे उमर गेलेल्या माणसाला गोळ्या-चॉकलेट बनवणे हे काम वाटतच नव्हते.

दुकानात वास होता तो गोड नव्हे, भाजलेल्या दाण्यांचा, किंचित आंबूस. मुलीने आजीच्या ओंजळीत वाळलेल्या बिया घातल्या.

"आजी, हा कोको. इथून जवळच, अनैमलैच्या पायथ्याला, नारळाच्या सावलीत याची झाडं वाढवतात. फळ थेट खोडालाच लागतं."

फळातील पांढऱ्या गरासह या बिया पाच-सहा दिवस आंबवतात आणि मग उन्हात वाळवतात. चॉकलेटची चव खरी घडू लागते ती या आंबवण्यात. खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. आजींनी एक बी चावून पाहिली.

"अगं, ही तर कारल्याहून कडू!"

काचेपलीकडे एक यंत्र घरघरत होते. आजींनी ते लगेच ओळखले. शेजारणीकडे इडलीचे पीठ वाटतात तेच हे! त्यांचे फारसे चुकले नव्हते. कोइमतूरच्या दगडी वेट ग्राइंडरमध्ये थोडा फेरफार करून घडवलेली यंत्रे आज परदेशांतील लहान चॉकलेट कारागीरही वापरतात. भाजून, पाखडून घेतलेला कोको आणि साखर त्यात दोन-दोन दिवस वाटली जाते.

वडिलांचे लक्ष मात्र मुलीच्या हातातील तापमापकाकडे होते. वाटलेले चॉकलेट तिने सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, ढवळत ढवळत २७ अंशांवर उतरवले आणि पुन्हा ३१ अंशांपर्यंत नेले. एवढ्या खटाटोपानंतरच वडीला चकाकी येते व ती मोडताना 'टक्' असा आवाज होतो. सोने वितळते १,०६४ अंशांना. तिथे मुशीतील रंग पाहून निर्णय घेणाऱ्या माणसाला हा दोन-चार अंशांचा खेळ नवा होता.

"आणि अंश चुकला तर?" त्यांनी विचारले.

"वडीवर पांढुरके डाग पडतात, अण्णा. मग पुन्हा वितळवायचं, पहिल्यापासून. काल तीनदा केलं."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"नाही. मलाच पटलं नाही म्हणून."

ते काही बोलले नाहीत. वेष्टनावरील किंमत वाचून आजी मात्र पुटपुटल्या, एवढ्यात दोन किलो शेंगदाणे आले असते. मुलीने एक तुकडा मोडून वडिलांच्या भाजून राठ झालेल्या तळहातावर ठेवला.

"हातात धरू नका, वितळेल. तोंडात घाला."

ते बराच वेळ तो तुकडा जिभेवर घोळवत उभे राहिले. मग त्यांनी दोन वड्या घेतल्या, लेक नको नको म्हणत असताना पूर्ण पैसे मोजले आणि दारातून मागे वळून विचारले, "उद्या किती वाजता सुटतेस? न्यायला येतो."