नवा कॉम्प्युटर घ्यायच्या आधी आवाज तपासा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि शिरोली एमआयडीसीतल्या ऑफिसांतून जुने डबे बाहेर पडायला लागले. मशीन धडधाकट, फक्त विंडोज 11 च्या अटीत बसत नाही.

असाच एक डबा आमच्या गल्लीतल्या मोल्डरने पोरासाठी भंगाराच्या भावात आणला. त्यावर लिनक्स मिंट 22 टाकून दिलं. मराठी टायपिंग, दहावीचे व्हिडिओ, सगळं झकास. फक्त वाईनमधून चालणारी गाड्यांची जुनी गेम अडायची. "काका, गाडी पळत्या आणि मधीच थांबत्या. आवाज बी फाटतोय." एका दुकानदाराने डबा न उघडताच निकाल दिला: ग्राफिक्स गेलंय, नवीन घ्या, तीसेक हजार! भट्टीपुढं उभं राहून कमावणाऱ्याला तीस हजार म्हणजे चेष्टा नाही.

आवाज फाटतोय, हे पोराचं वाक्यच महत्त्वाचं होतं. वाईनट्रिक्समधून आवाज पूर्ण बंद करून गेम लावली, तर गाडी लोण्यासारखी पळाली. म्हणजे ग्राफिक्स निर्दोष. आवाज परत चालू केला, शेजारी टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप लावलं. गेम अडली की 'एरर'च्या रकान्यातला आकडा वाढायचा.

फौंड्रीवाल्यांना हे लगेच कळेल. साच्यात रस ओतताना धार तुटली की कास्टिंगमध्ये कोल्ड शट राहतो. लिनक्समध्ये आवाजाची धार पाइपवायर सांभाळतं. सेकंदाला 48,000 नमुने, सहसा 1,024 च्या लॅडलने, म्हणजे एक लॅडल साधारण 21 मिलिसेकंदांचा. काही गेम त्याहून लहान लॅडल मागतात. जुना प्रोसेसर तेवढ्या वेळात तो भरू शकत नाही, धार तुटते, आणि आवाजाच्या तालावर चालणारी गेमही तिथंच अडते.

उपाय एका ओळीचा. गेमच्या कमांडच्या आधी, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, 'पल्स_लेटन्सी_एमसेक=60' लिहायचं. लॅडल मोठा झाला. आवाज किंचित उशिरा येतो, शर्यतीत तो जाणवत नाही. (रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी मात्र हे करू नये, तिथं उशीर खपत नाही.) खर्च शून्य.

प्रत्येक अडखळणं आवाजामुळंच असतं असं नाही. आवाज बंद करूनही गेम अडली तर तापमान, रॅम, ड्रायव्हर बघा. पण आधी ही फुकटची चाचणी करा, मग पाकिटाला हात घाला.

आता सार्वजनिक प्रश्न. सरकारी कामात ओपन सोर्स वापरायचं धोरण केंद्राने 2015 सालीच काढलंय. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात. मग आपल्या झेडपी शाळांना हे डबे का मिळू नयेत? कारखानदार मंडळी, भंगारवाल्याला फोन करायच्या आधी जवळच्या शाळेच्या हेडमास्तरांना एक फोन करा. लिनक्स टाकून द्यायला रविवारी सकाळी मी मोकळा आहे.