उजेडाचा आकडा

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत आर्डुइनोची पेटी आली. सूचना इंग्रजीत, म्हणून विज्ञानाच्या सरांनी भाषेच्या शिक्षकाला, म्हणजे मला, सोबत घेतलं. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालंच, “या मुलांना आधी इंग्रजी येऊ दे, मग हे.” मला ते पटत नाही.

मुलांचा पहिला प्रश्न : रेझिस्टन्स म्हणजे काय? मी फळ्यावर लिहिलं, उर्दूत मुजाहमत, मराठीत रोध. मुजाहमत म्हणजे विरोधसुद्धा, तो शब्द त्यांना ठाऊक होता. मग एलडीआर सांगायला वेळ लागला नाही : उजेड वाढला की याचा विरोध कमी होतो.

एलडीआरचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ए-झिरो पिनला. त्याच पिनपासून ग्राउंडपर्यंत १० किलो-ओहमचा रोधक. तो कशाला? बोर्डाला रोध मोजता येत नाही, व्होल्टेज मोजता येतं. एलडीआर आणि रोधक ५ व्होल्ट आपसांत वाटून घेतात आणि उजेडाप्रमाणे ती वाटणी बदलते. एलईडी ९ नंबरच्या पिनवर, २२० ओहमच्या रोधकातून. तिचा उजेड सेन्सरवर पडू देऊ नका, नाहीतर ती स्वतःलाच बघून मंद होते.

सेन्सरचा आकडा ० ते १०२३, एलईडीला द्यायचा ० ते २५५. ही बदली ‘मॅप’ करतं. अंधारात एलईडी तेज हवी, म्हणून उलट : २५५ ते ०. पण खोलीतला आकडा सहसा ० किंवा १०२३ पर्यंत जातच नाही, मग एलईडी धड विझत नाही, धड पेटत नाही. म्हणून मुलांना आधी नुसते आकडे वाचायला लावले. सेन्सरवर हात ठेवून एक, खिडकीशी धरून एक. समजा १५० आणि ८०० आले, तर मॅपमध्ये तेच घालायचे. मॅप हद्द पाळत नाही, म्हणून वर ‘कन्स्ट्रेन’चं कुंपण. प्रत्येक बाकाचे आकडे वेगळे आले. शेजाऱ्याचं बघून लिहिण्याची सोयच उरली नाही!

एलईडी मंद होते म्हणजे सेकंदाला सुमारे ४९० वेळा पेटते-विझते, हे ऐकून मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे सर, ती आपल्याला फसवतेय.”

तास संपताना एका मुलीने विचारलं, “आमच्या गल्लीतला दिवा दिवसाही जळतो. त्याला हे लावता येईल?” म्हटलं, त्याला मंद-तेज नको, चालू-बंद पुरे, त्यासाठी ‘इफ’ शिकावं लागेल. तिने वहीचं पान उलटलं आणि पेन घेऊन थांबली.