आईकडे लक्ष असूं द्या

आमच्या गांवच्या घरीं ओटीवरच्या खुंटीला एक कोयता टांगलेला आहे. त्याची मूठ आमच्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, हातानें गुळगुळीत झालेली. दरवर्षीं पाऊस ओसरला आणि दसऱ्याचें सोनें वाटून झालें, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं हा कोयता घेऊन ते गांवाबाहेरच्या यहुदी लोकांच्या दफनभूमींत जात आणि तेथील एका कबरीवरचें रान तोडून परत येत. आल्यावर विहिरीवर स्नान करून मगच घरांत पाऊल टाकीत. आजी त्यांना कांहीं बोलत नसे. पाणी मात्र तिनें आधींच शेंदून ठेवलेलें असे.

ती कबर आमच्यापैकीं कुणाची नव्हती. शेजारच्या मास्तरकाकांच्या आईची होती. मास्तरकाका बेने इस्रायल. आमच्या अलिबाग तालुक्यांत हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं तो बंद ठेवीत, म्हणून जुनीं माणसें त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणचे ते पेणकर, नवगांवचे ते नवगांवकर, अशीं त्यांचीं आडनांवें आमच्यासारखींच गांवांवरून पडलेलीं. आणि घरांत बोलणें मराठीच. त्यांच्या परंपरेप्रमाणें सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत नवगांवच्या किनाऱ्याजवळ फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढीं वांचलीं. बुडालेल्यांचीं जीं प्रेतें किनाऱ्याला लागलीं, तीं तेथेंच पुरण्यांत आलीं. पुरुषांचीं एका जागीं, स्त्रियांचीं दुसऱ्या जागीं. धर्मग्रंथ समुद्रांत गेले, हिब्रू भाषाही पुढें विसरली. पण शनिवारची विश्रांति, सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना त्यांनीं सोडली नाहीं. हायम सॅम्युएल केहिमकर यांनीं लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ सालीं तेल अवीव येथें छापला गेला, त्यांतही ही हकीकत आहे.

१९४८ सालीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें आणि इकडचीं घरें एकेक करून रिकामीं होऊं लागलीं. मास्तरकाकांचे धाकटे बंधु आधीं गेले. १९६२ सालीं तेथील धर्मपीठानें असा दंडक घातला, कीं या लोकांचें लग्न नोंदवितांना आईच्या, आजीच्या आणि त्याहीमागच्या कुळाची, जेथवर पोंचतां येईल तेथवर, चौकशी करावी. बंधूंचें तशा मजकुराचें पत्र काकांनीं आमच्या ओटीवर वाचून दाखविलें, तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. पत्राची घडी घालतां घालतां ते म्हणाले, "आप्पा, माझ्या आजीच्या आजीचा दाखला मीं कोठून आणावा? तो नवगांवच्या मातींत आहे."

पुढें तिकडे मोठीं निदर्शनें झालीं आणि १९६४ सालीं हे लोक सर्वार्थानें यहुदीच होत, असें तेथील सरकारनें जाहीर केलें. त्यानंतर दोन वर्षांनीं काकाही निघाले. त्यांची आई आदल्या वर्षींच वारली होती. सामान एस्‌. टी.च्या टपावर चढलें, काकू रडत रडत माझ्या आईच्या गळ्यांत पडल्या, आणि काका आप्पांना एवढेंच म्हणाले, "आईकडे लक्ष असूं द्या." आप्पांनीं मान हालविली. दसऱ्यानंतरचा तो नेम तेव्हांपासूनचा.

आप्पा १९८९ सालीं गेले. जाण्यापूर्वीं दोन दिवस त्यांनीं मला जवळ बोलावून खुंटीकडे बोट केलें आणि म्हटलें, "तें काम आतां तुझें." पुण्याहून मी दोन वर्षें नेमानें गेलों. तिसऱ्या वर्षीं मुलीचें आजारपण निघालें, चौथ्या वर्षीं रजा मिळाली नाहीं. त्यापुढें कारण शोधण्याचीही गरज उरली नाहीं. घर पुतण्या सांभाळीत होता. त्याला मी या गोष्टीबद्दल एक शब्दही बोललों नव्हतों.

गेल्या मार्गशीर्षांत मास्तरकाकांची नात इस्रायलहून आली. पूर्वज कोठें कोठें विसांवले आहेत हें शोधीत ती आली होती. हातांत एक वही. तींत सात पिढ्यांचीं नांवें. तिचें मराठी तिच्या आजीकडून आलेलें, म्हणजे साठ वर्षांपूर्वींचें. 'न्याहारी', 'मोरी', 'फडताळ' हे शब्द तिच्या तोंडून ऐकतांना मला माझी आई बोलत असल्याचा भास होई. ओटीवर बसतांच ती म्हणाली, "काका, आजोबा शेवटपर्यंत सांगत होते, आप्पा आईकडे बघताहेत."

मीं होय म्हटलें नाहीं आणि नाहींही म्हटलें नाहीं. गंजलेला कोयता काढला, पुतण्याला हांक मारली आणि निघालों.

दफनभूमींत करवंदीचें आणि घाणेरीचें रान कंबरेपर्यंत वाढलेलें. शेवाळ चढलेले दगड आम्ही पाणी आणि काथ्या घेऊन एकेक घांसूं लागलों. वर हिब्रू ओळी, खालीं मराठी. कोठें वडिलांचें नांव, कोठें नवऱ्याचें. ती प्रत्येक नांव मोठ्यानें वाची आणि वहींत पाही. दोन प्रहर टळले तरी हवी ती कबर सांपडेना. खूण म्हणून मला एवढेंच आठवत होतें, कीं आप्पांनीं कबरीच्या उशाशीं आमच्या अंगणांतल्या खुरचाफ्याची फांदी लावली होती. मी एक लहानसें झाड शोधीत होतों. शेवटीं दमून ज्या मोठ्या झाडाच्या सावलींत टेकलों, तोच तो चाफा.

कबर आमच्या पायांशींच होती. पण दगड मधोमध दुभंगलेला. भेगेंतून पिंपळ वर आला होता. रोप होतें तेव्हां दोन बोटांनीं उपटलें गेलें असतें. आतां तें मनगटाएवढें जाड झालें होतें. पुतण्यानें कोयता उचलला आणि पुन्हा खालीं घेतला. "नाना, पिंपळ आहे," तो म्हणाला. आमच्या घरांत पिंपळ कुणी तोडलेला नाहीं. मीं कोयता त्याच्या हातून घेतला. पाप लागणार असेल तर तें ज्यानें इतकीं वर्षें हयगय केली त्याला लागावें, हाच न्याय होता. तोडतांना माझे हात थरथरत होते. तें केवळ वयामुळें नव्हे.

भेग नेमकी नांवांतून गेली होती. लहानपणीं मी तिला 'मोठी आई' म्हणत असें. तिच्या हातच्या नारळाच्या वड्या मीं खाल्ल्या होत्या, पण तिचें नांव मला ठाऊक नव्हतें. मुलीनें अर्धवट अक्षरांवरून बोट फिरविलें आणि वहींतून तें पुरें वाचलें. मग त्यांच्या रीतीप्रमाणें तिनें दगडावर एक खडा ठेवला. मीं काय केलें होतें आणि काय केलें नव्हतें, तें सर्व मीं तिला तेथेंच सांगितलें. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरें झालें, आजोबांना कळलें नाहीं." तिनें माझें सांत्वन केलें नाहीं, हें मला योग्य वाटलें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही नवगांवला गेलों. जेथें ते बुडालेले लोक पुरले अशी श्रद्धा आहे, तेथें आतां स्मारकस्तंभ उभा आहे. त्या मूळ मृतांपैकीं एकाचेंही नांव कुणाला माहीत नाहीं. तिची वही तेथें कामाची नव्हती, तिनें ती पिशवींत ठेवून दिली आणि मला विचारलें, "काका, तुमचे कोठें आहेत?"

मीं सांगितलें, आमचे अग्नीला आणि मग पाण्याला जातात. श्राद्धांत तीन पिढ्यांचीं नांवें घेतों. त्यामागें गोत्र आणि ऋषि.

"ऋषि ठाऊक आहेत, मग मधलीं माणसें?" तिनें विचारलें. मजजवळ उत्तर नव्हतें.

तर्पणाच्या वेळीं जे आपले बांधव नाहींत त्यांच्यासाठींही एक अंजलि सोडावयाची असते. ती मीं आजवर कधीं चुकविली नाहीं. तिला ओंजळभर पाणी पुरतें. आप्पा मात्र ती सोडूनही दसऱ्यानंतर कोयता घेऊन जात. या दोन गोष्टी त्यांच्या लेखीं वेगळ्या होत्या, हें समजायला मला सत्तरी गांठावी लागली.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं मी गेलों. बरोबर पुतण्याचा बारा वर्षांचा मुलगा होता. भेगेंत राहिलेल्या मुळांतून पिंपळाला पुन्हा पालवी फुटली होती. ती कशी काढावयाची, तें मीं त्याला दाखविलें. परत येऊन पाहतों तों विहिरीवर पाणी शेंदून ठेवलेलें होतें.