टोपलीतील वीस पिल्ले

एटापल्लीतील आमच्या किराणा दुकानात आजवर अंडी विकली गेली नाहीत. सासऱ्यांनी दुकान मांडले तेव्हापासूनचा हा नेम आहे. अशा घरात कोंबडीची वीस पिल्ले येतील आणि पाच आठवडे राहतील, असे कोणी सांगितले असते तर मला खरे वाटले नसते.

ती टोपली आणली सूरजागडच्या डोंगराखालील गावाहून बाजाराला येणाऱ्या एका माडिया बाईने. ती आमच्याकडून मीठ, तेल, हळद नेते. उन्हाळ्यात मोहफुले आणि चारोळी आणते. मानमोडीच्या रोगाने तिच्या घरच्या साऱ्या कोंबड्या गेल्या होत्या, म्हणून आषाढातील त्या बाजारात तिने फेरीवाल्याकडून गिरिराज जातीची पिल्ले घेतली. ती यंत्रात उबवलेली. पंखाखाली घेणारी आई त्यांना नव्हती. दुपारी पावसाने गाठले, नाल्याला पूर आला आणि परतीची वाट बंद झाली. ओसरीवर टोपली ठेवून ती म्हणाली, "सेठाणी, रातभर आत ठेव. गारठ्यानं मरतील."

चातुर्मास दोन दिवसांवर आला होता. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "विचारतेस काय? ओली आहेत ती. आत घे."

साबणाच्या रिकाम्या खोक्यात भाताचे तूस पसरले, त्यावर वर्तमानपत्र घातले आणि वर शंभर वॅटचा बल्ब टांगला. तरी पहाटेपर्यंत तीन पिल्ले गेली. उरलेली मान टाकून बसली होती. त्या स्थितीत ती नेणे शक्य नव्हते. ती बाई टोपली आमच्याकडेच सोडून गावी गेली.

मग मी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना गाठले. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३३ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी ती कमी करावी, असे त्यांनी सांगितले. त्यासाठी बल्ब थोडा थोडा वर घ्यायचा. पिल्ले बल्बाखाली एकमेकांवर चढली तर त्यांना थंडी वाजते आहे. चोच उघडी ठेवून कोपऱ्यांत पळाली तर ऊब जास्त झाली आहे. सगळीकडे विखुरून दाणे टिपू लागली की ठीक आहे. वीज गेली की आम्ही गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून खोक्यात ठेवीत असू.

जी पाणी पीत नव्हती त्यांची चोच हलकेच गूळपाण्यात बुडवायची. उथळ ताटलीत खडे टाकायचे, म्हणजे पिल्लू पाण्यात पडून बुडत नाही. कोणाची विष्ठा चिकटून मागची वाट बंद झाली तर कोमट पाण्याच्या कापसाने ती भिजवून सोडवायची, ओढायची नाही. ओले तूस रोज काढायचे, नाहीतर रक्ती हगवण लागते. एका पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंना फाकले होते. डॉक्टर म्हणाले, गुळगुळीत कागदावर पाय घसरून असे होते. ती माझी चूक होती. कागद काढून दुकानातील बारदान अंथरले आणि त्याच्या दोन पायांमध्ये चिकटपट्टीचा सैल बंध घातला. चार दिवसांत ते उभे राहिले.

धडधाकट पिल्ले दुबळ्यांना ताटलीपाशी येऊ देत नसत. एकाच्या पाठीवर रक्त दिसताच बाकीची तिथेच टोचू लागली, म्हणून आजाऱ्यांसाठी वेगळे खोके केले. प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे अतिचार आपण म्हणतो: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्नपाणी तोडणे. इतकी वर्षे मला त्यांत बैल आणि नोकरमाणसे दिसत. त्या वर्षी ताटलीपाशी पोचू न शकणारे पिल्लू दिसले.

दुसऱ्या आठवड्यात दोन पिल्ले फारच खंगली. शेजाऱ्यांनी सुचवले, त्यांना सोडवून टाका. ते आमच्याने होणारे नव्हते. सासूबाई खोक्याजवळ बसून नवकार म्हणत राहिल्या. एक त्या रात्री गेले, दुसरे सकाळी. आम्ही त्यांना साता दिली की त्यांचे हाल लांबवले, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

पाच आठवड्यांत उरलेल्या पंधरांना पिसे फुटली आणि बल्बाची गरज संपली. पर्युषणाला आठवडा होता. पिल्ले परत द्यायची वेळ आली आणि घरात कोणी बोलेना. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्ष्यांच्या रुग्णालयात बरे झालेले पक्षी मोकळे सोडतात. पण कोंबडी रानात सोडली तर रात्रीत रानमांजर नेईल. यजमान म्हणाले, "सगळी विकत घेऊ." मी बाईला विचारले. ती हसली. "मंग मी बाजारातून अजून वीस आणीन. घरात कोंबडी पायजे. अंडी विकून मीठ नेते. देवाला लागते, पाहुण्याला लागते." तिने काहीच लपवले नाही. हिशेबाची माणसे आम्ही. तिचे म्हणणे आम्हांला लगेच समजले. आम्ही पंधरा वाचवली असती आणि फेरीवाल्याची वीस खपवली असती. शिवाय पिल्ले तिची होती. ती आजारी असताना आम्ही जवळ घेतली, ती पुढे काय होतील हे विचारून नव्हे.

सासूबाईंनी स्वतःच्या हाताने टोपलीत बारदान अंथरले.

आता दर बाजाराला ती बाई आली की त्या विचारतात, "पिल्लांना साता आहे ना?" ती आकडा सांगते. दिवाळीपर्यंत पंधरा होती. जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेनंतर ती आली तेव्हा म्हणाली, "अकरा." सासूबाईंनी मान हलवली आणि तिच्या पिशवीत मीठ मापून घातले.