कॅम्पातल्या त्या अनामिक आया

नगरला गेलात, की किल्ल्यावरून जरा पुढे भिंगारच्या कॅम्पात चक्कर मारा. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने किल्ला जिंकला आणि पुढे इथं गोऱ्या फौजेची छावणी वसली. जुने बंगले बघितले, की त्या काळचे फोटो आठवतात. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, हॅट घातलेली मडम, बाबागाडीत गुबगुबीत बाळ.

अख्ख्या इंग्लंडला खदखदून हसवणारा स्पाइक मिलिगन १९१८ साली नगरलाच जन्मला. बाप फौजेत होता. अशा कितीतरी गोऱ्या मुलांना छावण्यांतून आपल्याकडच्या आयांनी अंगाखांद्यावर खेळवलं. फोटोत साहेब-मडमेचं नाव असतं, बाळाचंही असतं. कडेला उभ्या बाईखाली मात्र नुसतं ‘आया’! तिचंही घर असेल, तिचीही लेकरं वाट बघत असतील.

याच नगरात मिस सिंथिया फॅरार १८३९ पासून मुलींना शिकवत होत्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे त्यांच्याकडे घेतले. ज्यांची नावं लिहिली गेली, त्या राहिल्या.

पण साहेबांनाच कशाला नावं ठेवायची? आपल्या ट्रंकेतल्या फोटोंत पदर सावरून मागे उभ्या असलेल्या बायका कोण, हे आज किती जणींना सांगता येईल? घरातली वडीलधारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं फोटोच्या मागे नाव, गाव, साल लिहा. आणि हो, नुसतं ‘काकू’ नको. तिचं स्वतःचं नाव लिहा!